मराठीची परीक्षा आणि ऑनलाइन अभ्याससाहित्य

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तक कसेबसे मिळते. सरावाच्या प्रश्नपत्रिका मात्र मिळत नाहीत. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यासाठी शाळा सुरू होताच पुस्तकांच्या दुकानांत चार-पाच प्रकारची मार्गदर्शके व प्रश्नसंच मांडलेले असतात. बेळगाव-निपाणीकडील मुलाची परीक्षा कर्नाटकाच्या मंडळाची, पणजी-फोंड्याच्या मुलाची गोव्याच्या मंडळाची, बडोद्याच्या मुलाची गुजरातच्या मंडळाची; आणि केंद्रीय मंडळाच्या शाळेत मराठी घेणाऱ्याची या तिघांहून निराळी. पाठ्यक्रम निराळा, प्रश्नपत्रिकेचा आराखडा निराळा, गुणांची वाटणीही निराळी. एकेका मंडळाकडे मराठीचे विद्यार्थी थोडे, म्हणून त्यांच्यासाठी छपाई करण्यात प्रकाशकास लाभ नाही. सरावाचे साहित्य नाही म्हणून विषय अवघड वाटतो, आणि अवघड वाटतो म्हणून शालान्त परीक्षेनंतर मुलगा मराठी सोडून ज्या भाषेचे साहित्य विपुल मिळते ती भाषा घेतो. पुढल्या वर्षी विद्यार्थी आणखी थोडे होतात. ज्यांनी या भागांतील शाळांतून शिकविले आहे त्यांस हे चक्र अपरिचित नाही.

हे चक्र एका ठिकाणी तोडता येण्यासारखे आहे, आणि ते ठिकाण म्हणजे छपाईचा व वितरणाचा खर्च. ऑनलाइन अध्यापनाच्या मंचावर ठेवलेला प्रश्नसंच वीस विद्यार्थ्यांनी सोडविला काय आणि वीस हजारांनी सोडविला काय, तो तयार करणाऱ्याचे श्रम तेवढेच राहतात. यास्तव मोठ्या बाजारपेठेच्या आधारावाचून जे काम होत नव्हते ते आता एखादी लहानशी साहित्यसंस्थाही करू शकेल. मात्र काम नेमके कोणते, हे आधी नीट समजून घ्यावयास हवे. संगणकावर पुस्तकाची पाने चढविणे म्हणजे परीक्षेचे साहित्य देणे, असा समज आपल्या मंडळींत बराच रूढ आहे आणि तो सोडून दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

प्रथम मंचांविषयी. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला सरकारी. शाळांसाठी ‘दीक्षा’ आणि महाविद्यालयांसाठी ‘स्वयम्’ हे दोन्ही मंच २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेली चौकोनी ठिपक्यांची खूण मोबाइलने टिपली असता जे साहित्य उघडते ते ‘दीक्षा’वरचेच होय. ते उपयुक्त आहे. परंतु ते महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमाला धरून असल्यामुळे चिक्कोडीच्या मुलाला त्यातून आपल्या धड्याचा प्रश्न सापडेलच असे नाही. दुसरा प्रकार व्यापारी शिकवण्यांचा. या कंपन्यांचे लक्ष अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांकडे असते, कारण विद्यार्थी तेथे लाखांनी मोजले जातात. मराठी वाङ्मयासारख्या विषयाकडे त्यांनी वळावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तिसरा प्रकार रिकाम्या पात्रांचा. २००२ पासून उपलब्ध असलेली ‘मूडल’ ही विनामूल्य प्रणाली, गूगलचा ‘क्लासरूम’ आणि त्याच कंपनीचे प्रश्नावलीचे साधन ही या प्रकारची उदाहरणे. यांत आधीपासून काहीच भरलेले नसते. शिक्षकाने आपला वर्ग उघडावा, प्रश्न घालावेत, उत्तरे तपासण्याची व्यवस्था करावी. ‘मूडल’ला संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ व ते सांभाळणारा एखादा जाणकार लागतो, गूगलच्या साधनांना तेवढेही लागत नाही. आपल्या संस्थांचे काम या तिसऱ्या प्रकाराशी आहे.

आता पात्रात काय भरावयाचे? २०२० च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या तेव्हा बहुतेक शिक्षकांनी तास-तासभराची व्याख्याने चित्रित करून पाठविली. त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. परंतु परीक्षेच्या तयारीसाठी व्याख्यान पुन्हा ऐकणे व टिपण पुन्हा वाचणे हे दुबळे साधन आहे, असे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांवरून दिसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचावयास दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी पुन्हा न वाचता जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षांत लिहून काढणारे पुढे गेले. पुढे २०१३ साली डनलॉस्की व त्यांचे सहकारी यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींची तुलना केली, तेव्हा स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे या दोनच पद्धती त्यांना पहिल्या प्रतीच्या वाटल्या; ओळींखाली रेघा ओढणे व पुनःपुन्हा वाचणे या खालच्या प्रतीच्या ठरल्या. आपल्याकडे रेघा ओढलेली पुस्तके पाहून पालकांस जो संतोष वाटतो त्याला फारसा आधार नाही, असा याचा अर्थ.

तेव्हा परीक्षेच्या साहित्यात मुख्य वस्तू प्रश्न ही होय, आणि तो एकदाच नव्हे तर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा समोर यावयास हवा. हे अंतर राखणे वर्गात कठीण असते, कारण धडा मागे पडलेला असतो. मंचावर ते सोपे आहे. आषाढात शिकविलेल्या कवितेवरचे तीन प्रश्न आठवड्याने, दोन प्रश्न महिन्याने आणि एक प्रश्न दिवाळीनंतर आपोआप पाठविला जाईल अशी योजना एकदा करून ठेवली की शिक्षकास ती लक्षात ठेवावी लागत नाही.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही विषयास लागू आहे. मराठीच्या, आणि त्यातही आपल्या भागांतील मराठीच्या दृष्टीने खरा प्रश्न याच्या पुढे आहे. पर्यायी उत्तरांचा प्रश्न तयार करताना बरोबर उत्तर लिहिणे सोपे असते. अवघड असतात ती चुकीची उत्तरे. ती कशीतरी भरली तर प्रश्न निरुपयोगी होतो, कारण विद्यार्थी विचार न करताच त्यांना वगळतो. चुकीचे उत्तर असे हवे की ज्याला विषय अर्धवट समजला आहे तो नेमका तेथेच अडकेल. आणि अडकला की त्याला तेथल्या तेथे कारण कळेल.

व्याकरणातील एक नेहमीचा प्रश्न घेऊ. ‘रामाने रावणास मारले’ या वाक्याचा प्रयोग कोणता? उत्तर भावे प्रयोग. जो मुलगा ‘कर्तरी’ म्हणतो त्याने मारणारा राम आहे एवढेच पाहिले. जो ‘कर्मणी’ म्हणतो त्याने अधिक अभ्यास केला आहे. कर्त्याला ‘ने’ प्रत्यय व क्रियापद भूतकाळी, एवढे त्याने ओळखले, पण कर्माकडे पाहिले नाही. या दोघांची चूक एक नव्हे, म्हणून त्यांना एकच स्पष्टीकरण देऊन भागत नाही. छापील मार्गदर्शकात शेवटच्या पानावर फक्त ‘भावे’ असा शब्द असतो. मंचावर प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली निराळी टीप ठेवता येते. पहिल्याला सांगावे: ‘रामाने’च्या जागी ‘सीतेने’ घाल; क्रियापद बदलते काय? बदलत नसेल तर ते कर्त्याच्या मागे चाललेले नाही. दुसऱ्याला सांगावे: ‘रामाने बाण सोडला’, ‘रामाने शक्ती सोडली’ ही वाक्ये पाहा, कर्म बदलताच क्रियापद बदलले. आता ‘रावणास’च्या जागी ‘त्राटिकेस’ किंवा ‘राक्षसांस’ घाल. ‘मारले’ तसेच राहते. कर्माला प्रत्यय लागला की क्रियापद त्याच्याही मागे जात नाही. एवढी टीप वाचून जो विद्यार्थी पुढचा प्रश्न सोडवितो त्याला शिक्षक शेजारी बसल्याचा थोडासा लाभ झालेला असतो. ऑनलाइन साधनांची माझ्या मते सर्वांत मोठी देणगी ही आहे. चलच्चित्रे, संगीत, रंगीत अक्षरे इत्यादी गोष्टी तिच्यापुढे गौण होत.

आता असे पाहा की चुका सर्वत्र सारख्या नसतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाच्या कानावर दिवसभर हिंदी असते. ‘शिक्षा’ शब्द दिसला की त्याला शिक्षण आठवते, दंड नव्हे. ‘चेष्टा’ म्हणजे त्याला प्रयत्न वाटतो, ‘संसार’ म्हणजे जग, ‘आपत्ती’ म्हणजे हरकत, ‘यातायात’ म्हणजे रस्त्यावरील वाहतूक आणि ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘सर्वांनी त्याची चेष्टा केली’ या वाक्याचा अर्थ विचारताना ‘सर्वांनी त्याच्यासाठी प्रयत्न केला’ हा पर्याय पुण्याच्या प्रश्नकर्त्याला सुचणारच नाही, आणि सुचला तरी पुण्याच्या मुलाला तो हास्यास्पद वाटेल. इंदुरात मात्र त्या एका पर्यायाने अर्धा वर्ग अडकण्याचा संभव आहे, आणि अडकून सुटला की ते वाक्य विसरणार नाही. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या परिसरात अडचण निराळी. त्या भाषांत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही. दगड, वीट, घर ही सारी एकाच वर्गात पडतात. तो दगड, ती वीट, ते घर हा भेद मराठीने का केला याला उत्तर नाही. तो कानानेच शिकावा लागतो. ज्या मुलांच्या घरी किंवा अंगणात त्या भाषांचा वावर अधिक आहे त्यांची चूक नामात दिसत नाही, ती विशेषणात व क्रियापदात दिसते, आणि निबंधात शेवटपर्यंत पसरत जाते. अशा मुलांसाठी लिंगाचे प्रश्न सुट्या शब्दांवर न देता दोन-तीन वाक्यांच्या उताऱ्यावर द्यावयास हवेत. गोव्यातील शिक्षकांनी कोकणीच्या सान्निध्यातून उत्तरपत्रिकांत उतरणाऱ्या रूपांची अशीच यादी करावी. भाषा जितक्या जवळच्या तितकी चूक डोळ्यांस कमी दिसते, म्हणून हे काम तेथे अधिक जपून करावे लागेल.

सांगण्याचा मुद्दा हा की परीक्षेच्या साहित्याचा जीव ज्या माहितीत आहे ती माहिती कोणत्याही कंपनीपाशी वा मध्यवर्ती मंडळापाशी नाही. ती बेळगावच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या शिक्षकाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांत आहे. आजवर ती प्रत्येकाच्या मनात राहिली आणि निवृत्तीबरोबर गेली.

उच्च परीक्षांकडे वळल्यास चित्र थोडे पालटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत मराठीचा विषयक्रमांक ३८ आहे. दोन्ही प्रश्नपत्रिका मिळून १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तरीही उत्तरे कोरी सोडून येणारे विद्यार्थी भेटतात, ही नवलाची गोष्ट म्हणावी लागेल. येथे पाठ्यक्रम देशभर एकच असल्याने बडोद्याच्या शिक्षकाने केलेला संच गोव्यास चालतो, आणि सहकार्याचा आरंभ येथून करणे सोयीचे पडेल. अडचण प्रश्नांच्या स्वरूपाची आहे. जोड्या लावा, कालक्रम लावा, विधान व कारण तपासा, अशा प्रश्नांनी वाङ्मयाचा अभ्यास सनावळ्यांच्या पाठांतरावर येऊन ठेपतो, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावर काही उपाय साहित्य तयार करणाऱ्याच्या हातांत असतो. ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’, ‘मोचनगड’, ‘पण लक्षात कोण घेतो’, ‘रणांगण’ आणि ‘कोसला’ या कादंबऱ्या कालक्रमाने लावा, असा प्रश्न दिला; उत्तराच्या टिपेत १८५७, १८६१, १८७१, १८९३, १९३९, १९६३ एवढे आकडे दिले, तर विद्यार्थी आकडे पाठ करील व पंधरवड्यात विसरेल. त्याऐवजी टिपेत लिहावे: विधवांच्या दुःस्थितीचा प्रश्न घेऊन बाबा पदमनजींनी आरंभ केला, हळब्यांनी कादंबरी अद्भुताकडे नेली, गुंजीकरांनी तिला इतिहासात आणले, हरिभाऊंनी ती पुन्हा मध्यमवर्गीय घरात, आणि आता स्त्रीच्याच तोंडी, आणली, बेडेकरांच्या हाती ती महायुद्धाच्या उंबरठ्यावरील एका बोटीवर गेली, आणि नेमाड्यांनी खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या तरुणाचे बोलणे तिच्यात आणले. असा धागा हाती आला की दोन सनांमध्ये तिसरी कादंबरी कोठे बसते याचा विद्यार्थी अंदाज तरी करू शकतो. टीप चार ओळींची, पण ती लिहावयास ज्याने त्या कादंबऱ्या वाचल्या आहेत असा माणूस लागतो.

‘खात्रीचे प्रश्न’ म्हणून मोबाइलवर जे काही फिरत असते त्यापासून मात्र संस्थांनी दूर राहावे. २०२४ साली १८ जूनला झालेली हीच पात्रता परीक्षा तिच्या विश्वासार्हतेविषयी शंका उत्पन्न झाल्याने दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली आणि विद्यार्थ्यांस ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा बसावे लागले. जुन्या प्रश्नपत्रिका आणि स्वतः रचलेले प्रश्न, याखेरीज तिसरे काही आपल्या मंचावर असू नये.

एक तांत्रिक विषय येथे थोडा विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण मराठीच्या बाबतीत तो तांत्रिक राहत नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक आपण वर्गात गमतीने शिकवितो; एक शब्द गुरूचा, दुसरा स्वयंपाक्याचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. आता समजा, रिकाम्या जागी ‘दऱ्या’ हा शब्द विद्यार्थ्याने टंकित करावयाचा आहे. यातला अर्धा र संगणकावर तीन रीतींनी उमटू शकतो: मराठीसाठी ठेवलेल्या स्वतंत्र अक्षराने, साध्या र ला नुक्ता जोडून, किंवा र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस तिन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्र मात्र अक्षरांचे संकेतांक ताडून पाहते, म्हणून शिक्षकाने ज्या रीतीने उत्तर भरले असेल तिच्याहून निराळ्या रीतीने लिहिणाऱ्या मुलास शून्य गुण मिळतो. मुलगा पुनःपुन्हा आपले उत्तर पाहतो, त्याला त्यात दोष दिसत नाही, आणि शेवटी आपल्याला मराठी येत नाही अशी त्याची समजूत होते. यावर उपाय सोपे आहेत. अशा प्रश्नांत मान्य उत्तराची सर्व रूपे नोंदवून ठेवावीत, किंवा शब्द टंकित करावयास न सांगता पर्यायांतून निवडावयास सांगावा. हीच काळजी जुन्या शुद्धलेखनाबाबत घ्यावी. १९६२ च्या चौदा नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘हें’, ‘नाहीं’, ‘तेथें’ अशी रूपे असतात. त्या पुस्तकातील वाक्य तसेच्या तसे उतरवून देणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्राने चूक ठरवावे, हा अन्याय होय. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले, हे येथे जाता जाता नमूद करावे. कारण कोणत्या वर्षाच्या आवृत्तीतून उतारा घेतला ते टिपेत लिहिले तर पुष्कळ शंका उद्भवणारच नाहीत.

पुष्कळ संस्थांकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकित केलेले प्रश्नसंच पडून आहेत. ते बहुधा जुन्या टंकांत, म्हणजे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार चढविलेल्या फाँटांत असतात. मंचावर नेताच त्यांचे निरर्थक रोमन अक्षरांत रूपांतर होते. अशा फाइली युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने उपलब्ध आहेत, पण पालटल्यानंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी कोणीतरी डोळ्यांखालून घालावीच लागतात. हे काम कंटाळवाणे असले तरी नव्याने टंकित करण्याहून हलके आहे.

लघुत्तरी प्रश्नांचे हे झाले. परंतु मराठीची परीक्षा रसग्रहण, निबंध, सारांशलेखन यांवाचून पुरी होत नाही, आणि तेथे यंत्राचा हात आखडतो. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मराठी वाङ्मय हा ऐच्छिक विषय घेणाऱ्यास प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका हाताने लिहाव्या लागतात. शाळेच्या मंडळांचीही रीत तीच. म्हणून सराव कागदावरच व्हावा. विद्यार्थ्याने उत्तर कागदावर लिहावे, मोबाइलने त्याचे छायाचित्र घेऊन मंचावर ठेवावे आणि शिक्षकाने त्यावर शेरा द्यावा, हा मार्ग सर्वांत बरा. मात्र त्याचा हिशेब आधी मांडलेला बरा. एका दीर्घोत्तराला बारा मिनिटे धरली तर तीस विद्यार्थ्यांच्या एकेका उत्तरास सहा तास लागतात. शाळा सांभाळून एका शिक्षकाला हे दर आठवड्यास झेपणार नाही, आणि आरंभशूरपणाने अंगावर घेतलेले काम दुसऱ्या महिन्यात बंद पडते. चार गावांच्या चार शिक्षकांनी वाटून घेतले तर प्रत्येकावर दीड तास येतो. शिवाय बेळगावच्या मुलाची उत्तरे बडोद्याच्या शिक्षकाने तपासली म्हणजे परीक्षकाच्या अपरिचित नजरेचीही मुलाला सवय होते.

दीर्घोत्तरांसाठी ‘आदर्श उत्तर’ छापण्याची जी प्रथा आहे ती मंचावर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आदर्श उत्तर मुले पाठ करतात, आणि कवितेचे रसग्रहण पाठ केलेल्या मुलाला कविता कधीच लागत नाही. त्याऐवजी एकाच प्रश्नाची तीन उत्तरे ठेवावीत: एक दहापैकी आठ गुणांचे, एक पाचांचे, एक तिनांचे. विद्यार्थ्याने प्रथम स्वतः गुण द्यावेत. मग परीक्षकाचे गुण व कारणे त्याला दिसावीत. पाच गुणांच्या उत्तरात बहुधा कवीचा परिचय लांबलेला असतो आणि कवितेतील एकाही शब्दाकडे बोट दाखविलेले नसते. हे दुसऱ्याच्या उत्तरात दिसले की स्वतःच्या उत्तरातही दिसू लागते. उत्तरे खऱ्या विद्यार्थ्यांची घेतल्यास नावे व हस्ताक्षर वगळून, पुन्हा टंकित करून ठेवावीत.

उतारे कोठून घ्यावेत, हा कायद्याचा प्रश्न आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर हक्क चालतो. केशवसुत, बालकवी, गडकरी हे केव्हाच मुक्त झाले. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचे लेखनही मुक्त आहे. मर्ढेकरांचा मृत्यू १९५६ चा, म्हणजे त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली कविता २०१७ च्या आरंभापासून मोकळी झाली. बोरकर १९८४ साली गेले, तेव्हा २०४४ अखेरपर्यंत थांबावयास हवे. कुसुमाग्रजांबाबत २०५९ अखेरपर्यंत. शिक्षकाने अध्यापनाच्या ओघात किंवा प्रश्नपत्रिकेत उतारा वापरण्यास कायद्याने सवलत दिली आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने २०१६ साली तिचा उदार अर्थ लावला. तथापि सर्व जगाला उघडे ठेवलेले संकेतस्थळ या सवलतीत बसेलच असे धरून चालू नये. नोंदविलेल्या विद्यार्थ्यांपुरता वर्ग, लहान उतारा आणि खाली ग्रंथाचा स्पष्ट उल्लेख, एवढे पथ्य पाळावे. आणखी एक गोष्ट बरेचदा विसरली जाते: तांब्यांची कविता मुक्त असली तरी तिच्यावरील एखाद्या हयात प्राध्यापकाचे रसग्रहण मुक्त नसते.

शब्दार्थांसाठी मात्र उदारपणे दुवे द्यावेत. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात; मराठी विश्वकोशाच्या नोंदीही ऑनलाइन आहेत. ज्या गावी मराठी ग्रंथालयाचे दार आठवड्यातून दोनदा उघडते तेथील विद्यार्थ्याला याची किंमत सांगावी लागणार नाही.

व्यवस्थेच्या चार गोष्टी राहिल्या. तासाभराच्या चलच्चित्रास शेकडो मेगाबाइट खर्ची पडतात. तेच व्याख्यान केवळ आवाजाच्या रूपाने बेताच्या प्रतीत ठेवले तर सुमारे पंधरा मेगाबाइटांत बसते, आणि मराठीच्या तासाला फळ्याची गरज थोडी असल्याने बहुधा काही बिघडत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची नावे, दूरध्वनी इत्यादी माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी असे २०२३ च्या विदाविषयक कायद्याने ठरविले आहे. प्रवेशाच्या अर्जातच तशी ओळ असावी. शुल्काबाबत माझी सूचना अशी की प्रश्नसंच सर्वांस विनामूल्य असावेत आणि दीर्घोत्तरे तपासून घेणाऱ्याकडून अल्प शुल्क घेऊन ते तपासणाऱ्या शिक्षकास पोहोचते करावे. फुकट तपासणीची अपेक्षा ठेवणाऱ्या संस्था शिक्षकांच्या सौजन्यावर जगतात, आणि ते सौजन्य किती दिवस पुरेल याचा भरवसा नसतो. प्रत्येक संचावर तो रचणाऱ्याचे नाव अवश्य घालावे. चूक आढळल्यास कोणास विचारावे हेही त्यामुळे विद्यार्थ्यास कळेल.

आणि मूळ प्रत आपल्या हाती ठेवावी. ‘बायजूज’ या कंपनीचे मूल्य २०२२ साली २२ अब्ज डॉलर धरले जात होते. २०२४ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. एवढ्या मोठ्या मंचाची ही गत, तर कोणत्याही परक्या मंचावर आपले दहा वर्षांचे श्रम निर्धास्तपणे ठेवावेत असे कोण म्हणेल? ‘मूडल’मधील प्रश्नपेढी साध्या फाइलीच्या रूपाने बाहेर काढता येते, इतरत्र तशी सोय नसल्यास प्रश्न, पर्याय व टिपा यांचा साधा तक्ता दर सहामाहीस संस्थेच्या कार्यालयात जमा करावा, आणि त्याची एक छापील प्रतही असावी.

कामाची वाटणी करणे अवघड नाही. कर्नाटक मंडळाच्या प्रश्नपत्रिका बेळगावकडील शिक्षकांनी घ्याव्यात, गोवा मंडळाच्या गोव्यातील शिक्षकांनी. हिंदी-मराठी समरूप शब्दांचा संच इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी करावा. तो हैदराबाद व बडोदे येथेही उपयोगी पडेल. पात्रता परीक्षेचे संच बडोदे व हैदराबाद येथील प्राध्यापकांनी उचलावेत, कारण तेथे विद्यापीठीय मराठी अध्यापनाची जुनी परंपरा आहे. आरंभासाठी मंच लागत नाही, संगणकही लागत नाही. येत्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रत्येकाने एक वही जवळ ठेवावी; डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर मुलाने लिहिलेले चुकीचे उत्तर त्याच्याच शब्दांत, आणि त्याखाली ते त्याने का लिहिले असावे याचा आपला तर्क. अशा शंभर नोंदी झाल्या की पहिला संच रचावयास बसावे.